मॅक्रो व्हेरिएबल : तक्त्यातून निर्मिती

सास या संख्याशास्त्रीय प्रणालीत तक्त्यातले मूल्य उचलून नावानिशी बाजूला ठेवण्याची सोय. पुढे प्रोग्रॅममध्ये त्या नावाआधी अँपरसँडचे चिन्ह दिले, की तिथे ते मूल्य उमटते. महिना बदलला, तक्त्यात नव्या ओळी आल्या, तरी प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही.

सास मूळची अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातली, शेतीच्या प्रयोगांची आकडेवारी तपासण्यासाठी घडवलेली. कंपनी १९७६ मध्ये निघाली. आज तिचे एक संशोधन-विकास केंद्र पुण्यात आहे.

निर्मितीच्या वाटा मुख्यतः दोन. डेटा स्टेपमध्ये ओळीमागून ओळ वाचली जात असताना 'कॉल सिमपुट' किंवा त्याची सुधारित बहीण 'कॉल सिमपुटएक्स' मूल्य टिपून ठेवते. दुसरी वाट प्रॉक एसक्यूएलची: सिलेक्टच्या पाठोपाठ 'इन्टू', मग अपूर्णविराम आणि नाव. त्याला 'सेपरेटेड बाय' जोडले, की अख्खा स्तंभ स्वल्पविरामांनी गुंफून एकाच व्हेरिएबलमध्ये येतो. या माळेची मर्यादा ६५,५३४ अक्षरे. एरवी भरपूर, पण रुग्णक्रमांकांची लांबलचक यादी ती ओलांडू शकते.

सासबरोबरच मिळणारा 'क्लास' हा सरावाचा तक्ता घ्या. त्यात १९ मुलामुलींची नावे, वय, उंची आणि वजन. त्यांची संख्या इन्टूने साठवून शीर्षकात छापली, तर १९ च्या डावीकडे सहा मोकळ्या जागा दिसतात, कारण आकडा आठ अक्षरांच्या चौकटीत उजवीकडे टेकवलेला असतो. ९.३ आवृत्तीपासून 'ट्रिम्ड' हा शब्द त्या छाटतो. सरासरी उंचीचे दुखणे जास्त छुपे. ती ६२.३३६८४२१… इंच, पण व्हेरिएबलमध्ये शिरते ६२.३३६८४ एवढीच. मॅक्रो व्हेरिएबलला आकडा कळतच नाही, ते फक्त मजकूर जपते. शेपटीचे दशांश हवे असतील तर फॉरमॅट स्वतः द्यावा लागतो.

नवख्यांची खरी दमछाक होते वेळेच्या घोळात. डेटा स्टेप आधी कंपाइल होते, मग चालते. अँपरसँड पहिल्या टप्प्यातच सुटतो, सिमपुट दुसऱ्या टप्प्यात काम करते. त्यामुळे त्याच स्टेपमध्ये नाव वापरले, की लॉगमध्ये इशारा उमटतो. तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला तर?

इशारा गायब! मागच्या फेरीचे शिळे मूल्य तिथे बसलेले असते. इन्टूच्या क्वेरीला एकही ओळ मिळाली नाही, तरी हेच घडते. म्हणून मुरलेले प्रोग्रॅमर क्वेरीआधी व्हेरिएबल रिकामे करतात आणि नंतर किती ओळी आल्या हे 'एसक्यूएलऑब्स'मध्ये पाहून घेतात.