नागपूर करारातील आश्वासनांची भाषा : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :

राजकीय नेत्यांचे बोलणे आणि त्यामागील आशय यांतील अंतर हा जनसामान्यांच्या चेष्टेचा विषय आहे. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही. नेत्याच्या मनात काय होते हे सांगणारे साधन क्वचितच हाती लागते. हाती असतो तो त्याने मान्य केलेला मजकूर. म्हणून आश्वासनाची चिकित्सा त्याच्या शब्दरचनेपासून सुरू करणे श्रेयस्कर ठरते. प्रस्तुत लेखात २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराचा या दृष्टीने विचार करण्यात आला आहे. राज्याच्या पूर्व टोकावरील, मुंबईपासून सुमारे हजार किलोमीटर दूर असलेल्या गोंदिया जिल्ह्याच्या दृष्टीने हा करार विशेष महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी :

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. त्यापूर्वीचा भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेश राज्यात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर, म्हणजे अगदी जवळ होती. संयुक्त महाराष्ट्रात सामील झाल्यास आपण दुर्लक्षित राहू, ही विदर्भातील भीती निराधार नव्हती. ८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला कराराने दोन उपप्रांतांची कल्पना मांडून ही भीती दूर करण्याचा प्रयत्न केला होता. पुढे फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये भंडाऱ्यासह आठ जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. या सामीलीकरणामागील नैतिक आधार नागपूर करार हाच होता.

कराराची भाषा :

करारात निधीचे वाटप, सेवांमधील प्रतिनिधित्व, शिक्षणसंस्थांतील प्रवेश, मंत्रिमंडळातील स्थान इत्यादी बाबी होत्या. त्यांतील दोन कलमे सूक्ष्मपणे पाहण्याजोगी आहेत. निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात होईल, असे आश्वासन होते. परंतु त्याला एका राज्याखाली चालणाऱ्या शासनाच्या गरजांच्या अधीन राहण्याची अट जोडलेली होती. दुसरे कलम असे की, शासन दरवर्षी निश्चित कालावधीसाठी नागपूर येथे स्थलांतरित होईल आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे भरेल. येथे ‘निश्चित’ हा शब्द आहे, पण कालावधी किती हे सांगितलेले नाही. परिणामी अधिवेशन नागपूरला भरण्याची प्रथा रूढ झाली. पण तिचा कालावधी काही आठवड्यांपुरता मर्यादित झाला. २०२० व २०२१ या करोनाकाळातील वर्षांत हिवाळी अधिवेशन मुंबईतच झाले. याउलट, उच्च न्यायालयाचे पीठ नागपूर येथे राहील हे स्थळ व संस्था यांचा स्पष्ट उल्लेख असलेले आश्वासन पाळले गेले.

घटनात्मक रूपांतर :

करारास कायद्याचे बळ नव्हते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ (२) द्वारे काही आश्वासनांना घटनेत स्थान मिळाले. मात्र या रूपांतरात एक बदल झाला. लोकसंख्येचे प्रमाण वगळले गेले व त्याच्या जागी ‘न्याय्य’ वाटप हा शब्द आला; संपूर्ण राज्याच्या गरजांची अट मात्र कायम राहिली. थोडक्यात, मोजता येईल ते गळाले आणि मोजता न येणारे टिकले. शिवाय विकास मंडळांबाबत राष्ट्रपती आदेशाद्वारे तरतूद ‘करू शकतील’ अशी रचना होती. प्रत्यक्ष आदेश १९९४ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी निघाला.

दरम्यान १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये व त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४७ कोटी, म्हणजे ३९ टक्के दाखविला. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य यांसारख्या बाबींत राज्याच्या सरासरीशी तुलना करून ही मोजणी झाली होती. शेतकऱ्यांचे जीवनमान धानावर आणि धानाचे पीक पाण्यावर अवलंबून असलेल्या भंडारा-गोंदिया परिसरात सिंचनाचा अनुशेष ही कागदावरची बाब राहत नाही. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला.

विदर्भातील नेतृत्व :

शब्द व आशय यांतील अंतर केवळ मुंबईच्या बाजूने पडले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भंडारा जिल्ह्यातील नेते नासिकराव तिरपुडे स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते होते. १९७८ मध्ये ते अखंड महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री झाले. विदर्भ आंदोलनाचे अग्रणी जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये नागपुरातून फॉरवर्ड ब्लॉकतर्फे लोकसभेवर गेले, तर १९८० मध्ये काँग्रेसतर्फे (इंदिरा). भारतीय जनता पक्षाने १९९७ च्या भुवनेश्वर येथील ठरावात विदर्भ राज्याचा पुरस्कार केला. परंतु २००० मध्ये केंद्रात त्याच पक्षाचे नेतृत्व असताना छत्तीसगढ, उत्तराखंड (तेव्हाचे उत्तरांचल) व झारखंड ही राज्ये निर्माण झाली आणि विदर्भ मागे राहिला. छत्तीसगढची सीमा गोंदिया जिल्ह्याला लागून असल्याने हा फरक येथील लोकांना घराच्या अंगणातून दिसतो. विरोधात असताना मागणी आणि सत्तेत असताना संयम हा क्रम कोणत्याही एका पक्षाची मक्तेदारी नाही.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, नागपूर कराराचे अपयश केवळ कोणाच्या अप्रामाणिकपणाने स्पष्ट होत नाही. स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी काहींचा हेतू शुद्ध असेलही. परंतु ज्या आश्वासनाला मुदत, प्रमाण आणि उत्तरदायी यंत्रणा नव्हती, ते पाळले गेले की मोडले हे ठरविण्याचे साधनच जनतेच्या हाती राहिले नाही. गोंदियाच्या शेतकऱ्याला आश्वासनाची भाषा वाचता येणे म्हणूनच आवश्यक आहे. किती, केव्हापर्यंत आणि कोणाच्या जबाबदारीवर, हे तीन प्रश्न प्रत्येक घोषणेला विचारण्याची सवय महाविद्यालयीन वर्गांतून लागली, तर इतिहासाच्या अध्यापनाचे नागरी प्रयोजन काही अंशी सिद्ध होईल.