मन्सूर, उस्ताद
(कारकीर्द सु. १५९०–१६२४). मोगल दरबारातील पशुपक्ष्यांचा चित्रकार. त्याचे जन्मस्थळ, कुटुंब वा शिक्षण यांविषयी माहिती मिळत नाही. अकबराच्या चित्रशाळेत बाबरनाम्याच्या सचित्र प्रतीवर त्याने काम केले. काही जुन्या चित्रांवर तो स्वतःला ‘नक्काश’ (नक्षीकार) म्हणवतो. खरी कीर्ती लाभली ती जहांगीराच्या काळात. बादशहाने त्याला ‘नादिर-उल्-अस्र’ (युगातील अद्वितीय) हा किताब दिला.

जहांगीराला नवलाच्या प्राण्यांचा षोक होता आणि नुसते वर्णन त्याला पुरेसे वाटत नसे; म्हणून तो त्यांची चित्रे काढवून घेई. १६१२ मध्ये दरबारातील सरदार मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या प्राण्यांत टर्की पक्षी होता. मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. १६२१ मधील झेब्र्याचे चित्रही तेथेच. हे जनावर रंगवलेले असावे, असा दरबारात काहींना संशय आला होता. तपासणीअंती पट्टे अस्सल ठरले. १६२० च्या काश्मीर भेटीत मन्सूरने शंभराहून अधिक फुले चितारल्याचे जहांगीर लिहितो. त्यांपैकी फारच थोडी उरली.

पिसांची ठेवण, डोळ्यांभोवतीची कातडी, पायांवरचे खवले तो अतिशय बारीक कुंचल्याने टिपतो. मागची भूमी मात्र बहुधा मोकळीच. त्याचे सायबेरियन क्रौंचाचे चित्र (कोलकाता) या पक्ष्याच्या १७७३ मधील शास्त्रीय वर्णनाच्या कितीतरी आधीचे आहे. सेंट पीटर्झबर्ग येथील डोडोचे प्रसिद्ध चित्र त्याचेच मानले जाते, पण त्यावर सही नाही.