दाब आणि उष्णता यांची फारकत

घरासाठी एस्प्रेसो यंत्र घ्यायला निघालेल्याच्या डोळ्यांत आधी भरतो तो खोक्यावरचा '१५ बार' हा आकडा. पण एस्प्रेसो उतरतो तो साधारण ९ बार दाबावर. हा पंधराचा आकडा कुठून आला, हे समजून घ्यायचं तर मिलानच्या कॅफेंपर्यंत मागे जावं लागतं.

वाफेवर कॉफी काढणारं यंत्र आंजेलो मोरिओंदोने १८८४ मध्येच तूरिनच्या प्रदर्शनात मांडलं होतं, पण ते एकदम भरपूर कॉफी काढणारं. गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याच्यापुरता एकच कप काढून देण्याची युक्ती मिलानच्या लुईजी बेझेराची. तिचं पेटंट १९०१ सालचं. देझिदेरियो पावोनीने ते विकत घेतलं आणि १९०६ च्या मिलान प्रदर्शनात लोकांनी ही कॉफी चाखली.

या यंत्रांत एक अवघड गाठ होती. दाब वाफेचा, म्हणून तो जेमतेम दीड बार. तो वाढवायचा तर बॉयलर आणखी तापवायला हवा, आणि तसं केलं की कॉफी करपणार. (महाराष्ट्रातल्या लग्नांत वर कोको भुरभुरवून मिळते ती 'एस्प्रेसो'ही वाफेचीच करामत. तिथे वाफ इन्स्टंट कॉफीचं दूध तापवून फेसाळवते. पुडीतून पाणी दाबून काढण्याचा संबंधच नाही.)

ही गाठ सोडवली आकिले गाज्जाने. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची लिव्हरची यंत्रं बाजारात आली. लिव्हर ओढली की स्प्रिंग आवळली जायची, आणि ती सैल होताना दट्ट्या पाण्याला पुडीतून रेटायचा. दाब आठ-नऊ बारपर्यंत पोचला, तोही बॉयलर आणखी न तापवता. कपात प्रथमच सोनेरी फेसाचा थर दिसला. गिऱ्हाइकं बिचकली, हा थर म्हणजे कॉफीचीच साय, 'क्रेमा', असं गाज्जाने त्यांना सांगितलं. आजही एस्प्रेसोची ओळख तिच्यावरूनच पटते.

१९६१ मध्ये फाएमा कंपनीने हातांचे कष्टही वाचवले. त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून नाव मिळालेल्या तिच्या 'ई६१' यंत्रात मोटरचा पंप सलग ९ बार दाब देऊ लागला. कॉफीचं पाणी बॉयलरमधून जाणाऱ्या वेगळ्या नळीत तापायचं आणि यंत्राचं पितळी तोंडही गरम पाणी फिरवून तापतं ठेवलेलं असायचं. दाब आणि उष्णता यांची फारकत इथे पुरी झाली.

घरच्या ओट्यावर मात्र जागा कमी आणि बजेटही बेताचं. ला पावोनीच्या 'युरोपिकोला'त स्प्रिंगही नाही, दाब आपल्याच दंडाचा. देखणं यंत्र, पण लागोपाठ काही कप काढले की त्याचं तोंड जास्त तापतं. पुढे घरगुती यंत्रांत विजेच्या कंपनांवर चालणारा इवलासा पंप आला, आणि खोक्यावरचा आकडा या पंपाच्या कमाल ताकदीचा आहे. चांगल्या यंत्रात एक झडप जादा दाब सोडून देते आणि पुडीपर्यंत नऊच्या आसपासच पोचतो. म्हणून पंधरा की वीस, याची चर्चा व्यर्थ आहे.

विचारायला हवं ते उष्णतेबद्दल. १९९७ ची रान्चिलियोची 'सिल्व्हिया' घरगुती यंत्रांत मानाची, पण तिच्यात बॉयलर एकच. कॉफीला पाणी ९० ते ९५ अंशांचं हवं आणि दुधासाठी वाफ हवी शंभराच्या वरची. त्यामुळे एक काम उरकून दुसऱ्यासाठी थांबणं आलं. काळी कॉफी पिणाऱ्याला एक बॉयलर पुरतो, त्याने तापमान नेमकं राखणारं यंत्र शोधावं. घरात सकाळी चौघांना कॅपुचिनो लागत असेल, तर 'ई६१'सारखी वेगळी नळी किंवा दोन बॉयलर असलेल्या यंत्रासाठी जास्त पैसे मोजणं रास्त आहे.

त्यातही सगळे पैसे यंत्रात घालू नयेत. पंप पाणी ढकलतो, पण दाब तयार होतो तो पुडीने पाणी अडवलं तरच. पूड जाडसर असेल तर पाणी सरळ निसटतं, फार बारीक असेल तर थेंबही पडत नाही. १८ ग्रॅम पुडीतून पंचवीस-तीस सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरावी, असं दळण रोज बिया पाहून किंचित बदलावं लागतं. बारीक फरक करू देणारा ग्राइंडर त्यासाठीच हवा, आणि बजेट ठरवताना त्याचा वाटा आधी बाजूला काढावा.