वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून गच्चीपर्यंत

सकाळी सहाच्या सुमारास अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडच्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर डोकावले, तर दहा-बारा माणसे सतरंजीवर बसून डोळे मिटून श्वास मोजताना दिसतात. त्यांत निवृत्त कारकून असतात, डबे भरून आलेल्या गृहिणी असतात. हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की ते फार जुने असावे, असे आपण धरून चालतो. संध्येतला प्राणायाम जुना खराच. पण तो मुंज झालेल्या पुरुषापुरता होता, आणि हठयोग घर सोडलेल्यांचा. संसारी माणसाने, त्यातही बाईने, घराजवळच्या वर्गात जाऊन योग शिकावा ही कल्पना जेमतेम शंभर वर्षांची आहे. तिचा एक महत्त्वाचा उगम आपल्या उपनगरांतच सापडतो.

१९१८च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झा शिरला. पावसाळा सरता सरता आलेली दुसरी लाट त्याहून भीषण होती. माणसे श्वास कोंडून दगावत होती. त्याच वर्षी २५ डिसेंबरला वर्सोव्याच्या समुद्रकाठी, दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात, ‘योग इन्स्टिट्यूट’ सुरू झाली. साथीचा आणि संस्थेचा कार्यकारणसंबंध मी जोडत नाही. पण तो काळ श्वासाची किंमत कळण्याचा होता, एवढे खरे. दादाभाई आदल्याच वर्षी वारले होते. त्यांचे जावई होमी दादिना यांच्यामुळे ही जागा मिळाली. वर्सोवे तेव्हा मुंबईत मोडतही नव्हते; ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातले ते कोळ्यांचे गाव होते. उपनगर जिल्हा वेगळा झाला तो १९२० साली.

संस्थापक होते एकवीस वर्षांचे मणिभाई हरिभाई देसाई, पुढचे श्रीयोगेंद्र. मूळचे सुरतेकडचे, कुस्ती-व्यायामाचा नाद असलेले, झेवियर्स कॉलेजात शिकायला आलेले. १९१६मध्ये माधवबागेत त्यांना परमहंस माधवदासजी भेटले आणि कॉलेज सुटले. नर्मदाकाठी मालसरच्या आश्रमात योगाने रोग्यांवर उपचार कसे करतात, हे त्यांनी पाहिले. गुरूंच्या मागे राहून संन्यास घ्यायचा, ही रूढ वाट होती. योगेंद्र मात्र शहराकडे परतले, अमेरिकेत जाऊन संस्था काढून आले, आणि १९२७मध्ये त्यांनी चक्क लग्न केले. योगी आणि बोहल्यावर! त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. सीतादेवी योगेंद्र यांचे स्त्रियांच्या योगव्यायामावरचे पुस्तक १९३४ साली आले. स्त्रीने स्त्रियांसाठी लिहिलेल्या आधुनिक योगपुस्तकांत ते अगदी आरंभीचे. गच्चीवरच्या त्या गृहिणीची खरी पूर्वज मला सीतादेवींत दिसते.

माधवदासजींचा दुसरा शिष्य मराठी. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३चा, डभोईचा. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले, पुढे अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात रमलेले. त्यांना प्रश्न पडला तो वेगळाच: योगाने शरीरात नेमके होते काय? क्ष-किरण आणि दाबमापक घेऊन त्यांनी उड्डियान-नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात निर्माण होणारा ऋण दाब मोजला, आणि त्या निर्वाताला गुरूंचे नाव दिले. १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभे राहिले आणि ‘योगमीमांसा’ निघू लागले. कैवल्यधामची मुंबई शाखा १९३२मध्ये सुरू झाली ती सांताक्रूझला; चार वर्षांनी ती चौपाटीकडे गेली. पुढे १९४८मध्ये योग इन्स्टिट्यूटही सांताक्रूझलाच स्थिरावली. एकाच गुरूचे दोन शिष्य. एकाने योग घरात आणला, दुसऱ्याने प्रयोगशाळेत. आपण पहिल्याचा वारसा आनंदाने घेतला, दुसऱ्याचा मात्र विसरलो.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून म्हणतो. ‘खोल श्वास घ्या, रक्तात प्राणवायू भरपूर भरतो,’ हे वाक्य मी वर्गात वर्षानुवर्षे ऐकले आणि मानलेही. कुवलयानंदांचे ‘प्राणायाम’ हे १९३१चे पुस्तक वाचले तेव्हा चपापलो. प्राणायामाचे मोल ते प्राणवायूच्या साठ्यात मोजत नाहीत; मज्जासंस्थेवरील परिणामाला ते अधिक महत्त्व देतात. आजचे शरीरशास्त्रही सांगते की, निरोगी माणसाचे रक्त साध्या श्वासानेच जवळजवळ पूर्ण प्राणवायुयुक्त असते. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार?

मग संथ श्वासाने साधते काय? हिशेब सोपा आहे. दर श्वासातली सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकांतच राहते, तिचा उपयोग होत नाही. मिनिटाला ५०० मिलिलिटरचे १२ श्वास घेतले, तर ६ लिटरपैकी ४.२ लिटर हवा कामी येते. घाईघाईने २५० मिलिलिटरचे २४ श्वास घेतले, तर तेवढ्याच ६ लिटरपैकी फक्त २.४ लिटर. शिवाय श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून उच्छ्वास लांबवला की जीव शांत होतो. २००१मध्ये इटलीतल्या संशोधकांना आढळले की, जपमाळ किंवा मंत्र म्हणताना श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास येतो. आपल्या आज्यांनी नामस्मरणात हे साधले असेल, तर नवल नाही.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. प्राणायामाने रक्त ‘शुद्ध’ होते, असे एकदा मानले की दम्याचा रुग्ण खिशातला पंप घरी ठेवू लागतो. कुवलयानंदांनी मोजमाप केले ते श्रद्धा मोडायला नव्हे, तर तिच्या नावावर भलतेसलते खपू नये म्हणून.

बोरिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये आसन घालायला जागा नसते. दांडीला लोंबकळणाऱ्या माणसाला एकच गोष्ट शक्य असते: ओठ मिटायचे आणि श्वास सावकाश सोडायचा. मालसरच्या आश्रमातून वर्सोव्याला आलेल्या विद्येचे एवढे तरी त्याच्या हाती उरते. ते थोडे नाही. फक्त ते जेवढे आहे तेवढेच सांगायला हवे.