बहिःशाल व्याख्यानांचा उगम

विद्यापीठातील अध्यापकाने आपल्या वर्गाबाहेर पडावे, एखाद्या गावच्या सभागृहात उभे राहावे आणि ज्यांनी महाविद्यालयाचा उंबरठा कधी ओलांडलेला नाही अशा श्रोत्यांस आपला विषय समजावून सांगावा, या प्रथेस महाराष्ट्रात ‘बहिःशाल शिक्षण’ या नावाने ओळखतात. विद्वानांच्या औदार्यातून ही प्रथा जन्मास आली असावी, असा सर्वसाधारण समज दिसतो. परंतु इंग्लंडातील तिचा मूळ वृत्तान्त पाहू गेल्यास चित्र बरेच निराळे दिसते. विद्यापीठाने वक्ता पुरविला, हे खरे; पण त्या व्याख्यानांस शिक्षणाचे स्वरूप आले ते श्रोत्यांमुळे.

ही हकीगत इ. स. १८६७ सालापासून सुरू होते. त्या काळी केंब्रिज येथील विद्यापीठाची दारे स्त्रियांस बंद होती; त्यांना तेथील पूर्ण पदवी मिळण्यास पुढे १९४८ साल उजाडावे लागले. उत्तर इंग्लंडातील काही विदुषींनी स्त्रियांच्या उच्च शिक्षणाकरिता एक मंडळ स्थापन केले होते. ॲन क्लफ व जोसेफिन बटलर या त्यांतील प्रमुख होत. शिकविण्याचे काम करणाऱ्या स्त्रियांपुढे अध्यापनशास्त्रावर व्याख्याने द्यावीत, अशी विनंती या मंडळाने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील जेम्स स्टुअर्ट यांना केली. स्टुअर्ट हे स्कॉटलंडचे, वय अवघे चोवीस वर्षांचे, आणि गणितात रँग्लर झालेले. (ही पदवी महाराष्ट्रास परांजप्यांमुळे घरोघर ठाऊक आहे.) त्यांचे म्हणणे असे पडले की, शिकवावे कसे हे सांगत बसण्यापेक्षा एखादा विषय प्रत्यक्ष शिकवून दाखवावा, हे बरे. त्यांनी ज्योतिषशास्त्राचा इतिहास निवडला आणि लीड्स, लिव्हरपूल, मँचेस्टर व शेफील्ड या चार शहरांत एकेक व्याख्यानमाला दिली.

येथेच पहिली अडचण उभी राहिली. व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांस काय उमगले हे प्रश्न विचारून पाहावे, असा स्टुअर्ट यांचा मानस होता. परंतु एका तरुण पुरुषाने भर सभेत स्त्रियांस प्रश्न करावेत आणि त्यांनी उठून उत्तरे द्यावीत, हे तत्कालीन इंग्रजी मर्यादेस मानवेना. त्यावर तोड अशी निघाली की, प्रश्न छापून वाटावेत. ज्यांची इच्छा असेल त्यांनी घरी बसून उत्तरे लिहावीत व ती टपालाने धाडावीत. उत्तरपत्रिका आल्या त्या स्टुअर्ट यांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक आल्या. व्याख्यानाबरोबर छापील टिपण आणि टिपणाबरोबर लेखी प्रश्न, ही बहिःशाल अध्यापनाची पुढे सर्वमान्य झालेली रीत अशी निव्वळ एका सामाजिक संकोचातून निघाली. संकोचाने ज्ञानाची वाट अडविल्याची उदाहरणे पुष्कळ सापडतील. येथे त्याने एक नवी वाट काढून दिली.

दुसरा प्रसंग रॉचडेलचा. लँकेशायरमधील हे कापडगिरण्यांचे गाव सहकारी चळवळीचे मूळपीठ म्हणून प्रसिद्ध आहे. १८४४ साली तेथील अठ्ठावीस सामान्य माणसांनी आपापली अल्प पुंजी एकत्र करून टोड लेन या गल्लीत जे दुकान उघडले, त्याचीच वंशावळ आपल्याकडील सहकारी भांडारांपर्यंत येऊन पोहोचते. या सहकारी संस्थेने स्टुअर्ट यांना पाचारण केले. व्याख्यानास लागणाऱ्या आकृत्या ते बरोबर नेत व भिंतीवर टांगीत. एके दिवशी त्यांना परतण्याची घाई होती, म्हणून पुढील आठवड्यापर्यंत आकृत्या तशाच राहू द्याव्यात, असे त्यांनी सभागृहाच्या रखवालदारास सांगितले. आठवड्याने ते परत आले तेव्हा रखवालदार मोठ्या समाधानाने म्हणाला की, आकृत्या ठेवून गेलात हे फार उत्तम झाले. मधल्या दिवसांत संस्थेचे सभासद तेथे जमले होते, त्या आकृत्यांपुढे त्यांचा वाद रंगला होता, आणि आता त्यांना काही प्रश्न विचारावयाचे असल्यामुळे ते व्याख्यानापूर्वीच येणार होते. ठरल्याप्रमाणे वीस-तीस कारागीर अर्धा तास आधी हजर झाले. तो अर्धा तास स्टुअर्ट यांना इतका मोलाचा वाटला की, त्या मालेतील पुढील प्रत्येक व्याख्यानापूर्वी त्यांनी ही बैठक कायम ठेविली. पुराण सांगून झाले की पोथी बांधावी आणि उठावे, हा परिपाठ त्या आकृत्यांमुळे मोडला. व्याख्यानास जोडून चर्चेचा वर्ग भरविण्याची पद्धत तेथून रुजली.

यानंतर स्टुअर्ट यांनी विद्यापीठाकडे रीतसर मागणी केली. स्त्रियांच्या मंडळाने, कामगारांनी व सहकारी संस्थेनेही अर्ज धाडले. अखेर १८७३ च्या शरदॠतूत केंब्रिजच्या नावाने नॉटिंगहॅम, डर्बी व लेस्टर या तीन शहरांत व्याख्यानमाला सुरू झाल्या. १८७६ साली लंडनमध्ये त्यासाठी स्वतंत्र मंडळ निघाले आणि १८७८ साली ऑक्सफर्डनेही हे कार्य हाती घेतले. नॉटिंगहॅम, शेफील्ड, रेडिंग, एक्झिटर येथील आजच्या विद्यापीठांच्या पूर्वेतिहासात या व्याख्यानांचा वाटा आहे.

विद्यापीठाने आपले नाव दिले, विद्वान दिले. पैसा मात्र दिला नाही. व्याख्यात्याचे वेतन, सभागृहाचे भाडे, छपाई या सर्वांचा भार स्थानिक मंडळींवर होता. सबब पुष्कळ ठिकाणी दुपारच्या व्याख्यानास येणाऱ्या सुखवस्तू घरांतील स्त्रियांच्या शुल्कावर रात्रीचे कामगारांचे वर्ग चालत. जेथे असा सुखवस्तू वर्गच नव्हता, तेथील स्थिती काय होई हे नॉर्थंबरलँडच्या कोळसाखाणींत दिसून आले.

तेथे १८७९ पासून खाणकामगारांसाठी व्याख्याने होऊ लागली. भूगर्भशास्त्रज्ञ आर. डी. रॉबर्ट्स यांनी त्या वर्गांतील दोघा भावांची हकीगत नमूद करून ठेविली आहे. हे दोघे खाणीत काम करीत आणि व्याख्यानाच्या गावापासून पाच मैलांवर राहत. जाताना आगगाडी मिळे. परतताना सोयीची गाडी नसे. तीन महिने दर आठवड्यास अंधाऱ्या रात्री, अत्यंत खराब रस्त्याने ते पायी घरी परतत. एकदा तर वादळी पावसात रस्ते जलमय होऊन ते वाट चुकले आणि कंबरभर पाण्यात सापडले. तरीही पुढच्या व्याख्यानास ते हजर! एवढेच नव्हे, तर जे ऐकले ते आपल्या गावात व शेजारच्या खेड्यांत इतरांस शिकविण्याचा उपक्रम त्यांनी आरंभिला. अशा श्रोत्यांच्या बळावर चाललेले हे वर्ग १८८७ साली कोलमडले. मजुरीतील कपातीच्या प्रश्नावरून त्या वर्षी खाणींत दीर्घ संप झाला आणि जेथे चूल पेटण्याची भ्रांत, तेथे व्याख्यानाची वर्गणी कोठून येणार? ज्ञानाची आवड आटली नव्हती. आटली होती ती पेटी. या अपयशाचा दोष खाणकामगारांकडे जात नाही. ज्या संस्थेच्या नावाने हे वर्ग चालत, तिने संकटकाळी हात आखडता ठेविला, असेच म्हणावे लागते.

पुढील शतकाच्या आरंभी ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न झाला. सहकारी घाऊक संस्थेत कारकून असलेले अल्बर्ट मॅन्सब्रिज व त्यांची पत्नी फ्रान्सिस यांनी १९०३ साली कामगारांच्या उच्च शिक्षणाकरिता एक संघ स्थापिला. त्याचे आद्य भांडवल म्हणजे फ्रान्सिसबाईंनी घरखर्चातून काढून दिलेले अडीच शिलिंग. थोड्याच वर्षांत रॉचडेलच्या कामगारांनी या संघाकडे निराळीच मागणी केली. सुटी व्याख्याने पुरेत. आम्ही तीसजण नेमाने येण्याचे व निबंध लिहिण्याचे वचन देतो, आम्हांस पक्का शिक्षक द्या, असे त्यांचे म्हणणे होते. यासाठी ऑक्सफर्डने पाठविलेले शिक्षक म्हणजे आर. एच. टॉनी. टॉनी यांचा जन्म १८८० साली कलकत्त्याचा. त्यांचे वडील तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राचार्य आणि ‘कथासरित्सागरा’चे इंग्रजी भाषांतरकार.

१९०८ च्या जानेवारीत टॉनी यांचे वर्ग सुरू झाले. शुक्रवारी सायंकाळी लाँगटन या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावी आणि शनिवारी रॉचडेलला. दोन तासांपैकी एक तास व्याख्यान आणि एक तास चर्चा, असा नियमच ठरला होता. स्टुअर्ट यांच्या आकृत्यांपुढील अर्धा तास आता दुप्पट झाला होता. बॅलियल कॉलेजचे ए. एल. स्मिथ यांनी अशा वर्गांतील निबंध तपासले, तेव्हा त्यांपैकी शेकडा २५ निबंध ऑक्सफर्डच्या इतिहासाच्या अंतिम परीक्षेतील पहिल्या वर्गाच्या तोडीचे आहेत, असा अभिप्राय त्यांनी दिला. लाँगटनचे विद्यार्थी तर स्वतःच शिक्षक बनून भोवतालच्या खाणवस्त्यांत वर्ग चालवू लागले.

सोळाव्या शतकातील इंग्लंडच्या शेतजमिनीच्या प्रश्नावरील टॉनी यांचा ग्रंथ १९१२ साली प्रसिद्ध झाला. प्रस्तावनेत ऋणनिर्देश करताना त्यांनी आपल्या वर्गांतील विणकर, भांडी घडविणारे, खाणकामगार व यंत्रकारागीर यांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. या मंडळींनी स्नेहभावाने केलेल्या प्रहारांतून आपणांस राज्यशास्त्र व अर्थशास्त्रातील पुष्कळ गोष्टी शिकता आल्या, अशी त्यांनी तेथे कबुली दिली आहे.