छावणीची बोली, गोराई 1739

बोरिवलीहून गोराईच्या होडीत बसा. दोन्ही काठांना तिवरं, नाकात चिखलाचा आणि सुक्या बोंबलांचा वास, समोर पॅगोडाचा सोनेरी घुमट. पलीकडच्या धक्क्यावर उतराल तेव्हा तो घुमट नसेल. साल 1739, महिना फाल्गुन. गोराई, मनोरी, उत्तन मिळून हे धारावी बेट. 1534 पासून पोर्तुगीजांनी या मुलखावर राज्य केलं. बेटाच्या उत्तर टोकाचा, चौकजवळचा त्यांचा कोट चिमाजी अप्पांच्या मराठा फौजेनं नुकताच घेतला आहे. खाडीपलीकडची वसई अजून उभी आहे.

"कोण्या पथकाचे?" झाडाखाली बसलेला म्हातारा शिपाई तुम्हाला विचारतो. गप्प राहा आणि ऐका. या माणसांचं मराठी तुम्हाला कळतं, तरी निम्मं हातातून निसटतं.

आधी माणूस ओळखायला शिका. घोडा स्वतःचा असेल तो शिलेदार, सरकारी पागेतला असेल तो बारगीर. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची पोटाची सोयच गेली, म्हणून तो घोड्याला माणसापेक्षा जपतो. पण या खाडीच्या चिखलात घोड्याचं काम थोडं. इथे पायदळाचे हशमच जास्त राबतात. त्यांच्यामागे स्वयंपाकी, हमाल, वाणी असा सगळा गोतावळा असतो. त्याला ते बुणगे म्हणतात. शब्दात तुच्छता आहे, आणि ती मला खटकते. दाणागोटा पोचला नाही तर मोर्च्यातला माणूस कितीसा टिकणार?

मोर्चा म्हणजे इथे घोषणा आणि फलक नव्हेत. मोर्चा म्हणजे तटावरच्या माऱ्यापासून आडोसा देणारा खणलेला चर आणि मातीचा बांध. तो एका जागी थांबत नाही, रोज रात्री थोडा पुढे सरकतो, म्हणून 'मोर्चे चालवले' असं म्हणतात. तोफ उंचावर न्यायची तर मातीचा दमदमा रचायचा. अंधारात तळाभोवती जी फिरती गस्त चालते तो छबिना.

म्हातारा तुम्हाला तोफेजवळ नेतो. मागच्या बाजूला वरून एक बारीक भोक आहे, करंगळीही आत जाणार नाही. हा तोफेचा कान. त्यात बारीक दारू टाकायची, ती रंजक. मग बत्ती द्यायची. ठाणं सोडून पळायची वेळ आली आणि तोफ ओढून नेता येत नसेल, तर याच कानात खिळा ठोकायचा, म्हणजे ती शत्रूच्या उपयोगाची राहत नाही. हे सांगताना तो कानावरून बोट फिरवतो. त्याच्या कमरेला सरळ, लांब पात्याची तलवार आहे. तिला तो फिरंग म्हणतो. पाती फिरंग्यांच्या मुलखातून येत, म्हणून हे नाव. आता ती त्यांच्यावरच चालते आहे.

संध्याकाळी पत्र घेऊन दोन जासूद निघतात. जासुदांची जोडीच धाडायची, म्हणजे वाटेत एक पडला तरी कागद पोचतो. कारकून पत्र वाचून दाखवत असतो आणि त्यात एकच शब्द पुन्हापुन्हा येतो: अमका कामास आला, तमका कामास आला. मेला असं कुणी म्हणत नाही. रोजमुऱ्याच्या चार पैशांसाठी सह्याद्री उतरून आलेला माणूस मेल्यावरही कामातच धरला जातो, असा हा शब्द आहे. छावणीतल्या सगळ्या शब्दांत मला हा सर्वांत जड वाटतो.

मे महिन्यापर्यंत थांबलात तर पुढचा शब्द ऐकाल: सुलतानढवा. चहूकडून एकदम, माघार न घेता करायचा हल्ला. वसईच्या तटाखाली सुरुंग भरले आहेत. काही उडतात, तट ढासळतो, माणसं खिंडाराकडे धावतात, आणि एक सुरुंग उशिरा, त्यांच्याच पायाखाली फुटतो. वसईपायी आपली 5000वर माणसं ठार आणि जखमी झाल्याचं मराठ्यांनी कबूल केलं.

गोराईच्या ख्रिस्ती कोळ्या-कुणब्यांना मात्र यांतला एकच शब्द हवा आहे: कौल. कौल म्हणजे अभयाचा लेखी शब्द. घरदार, शेत, जाळी यांना हात लागणार नाही याची हमी. गेली दोन वर्षं या बेटावर कधी एकाची फौज, कधी दुसऱ्याची. भाताचं कोठार कुणासाठी उघडायचं हेही त्यांच्या हाती नव्हतं. मे महिन्यात वसईचे पोर्तुगीज शरण आले तेव्हा मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना त्यांचा धर्म पाळू द्यावा, हे तहाच्या अटींत लिहिलं गेलं. धक्क्यावर टोपली घेऊन उभी असलेली बाई म्हाताऱ्या शिपायाला तेवढंच विचारते, "दादा, कौल झाला का?" आणि तो तिला नीट बसवून, एकेक अट सावकाश सांगू लागतो.