डुक्कर ते पद्मिनी : एका मोटारीचं रूप आणि मुंबईकरांची मतं

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, "सर, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा सगळी मुंबई हळहळली. ही गाडी पहिल्यापासूनच एवढी लाडकी होती का?" उत्तर एका शब्दात द्यायचं तर : नाही. पण तेवढ्याने इतिहास होत नाही. म्हणून आजचा विषय हाच घेतला आहे.

सुरुवात परळच्या जवळूनच करू. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला मोटारी जुळवायला सुरुवात केली. सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे जोडले जायचे. पुढे १९४४ मध्ये वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण ठरलं की नुसती जुळवाजुळव चालणार नाही, गाडी इथेच बनवा. शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. गिऱ्हाइकापुढे मग उरल्या मुख्यतः तीन गाड्या : उत्तरपाड्याची अँबॅसिडर, मद्रासची स्टँडर्ड आणि आपल्या कुर्ल्याची फियाट. मुंबईत घरची गाडी म्हणजे फियाट, असं समीकरणच झालं.

ही पहिली फियाट ११०० म्हणजे १९५३ साली इटलीत आलेली गोल अंगाची गाडी. सुरुवातीच्या गाड्यांचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, म्हणजे बिजागरी मागे आणि कडी पुढे. १९६४ मध्ये तिच्या जागी 'डिलाइट' आली. अंग चौकोनी, मागे दोन छोटे पंख, दरवाजे आजच्यासारखे.

आम्ही तेव्हा शाळेत होतो, गिरगावात राहत होतो. चाळीखाली डॉक्टरांची जुनी फियाट उभी असे. एके दिवशी समोरच्या इमारतीतल्या व्यापाऱ्याकडे डिलाइट आली आणि आमच्या गॅलरीत परिसंवाद भरला! तरुण मंडळी पंखांवर खूष. वडीलधाऱ्यांचं म्हणणं, "खोक्याला चाकं लावलीत." आमच्या आजीचा आक्षेप सगळ्यांत नेमका होता. नऊवारीत बसणाऱ्या बाईला जुना दरवाजा सोयीचा होता. आधी टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे. नव्या गाडीत वाकून शिरावं लागतं, ही तिची तक्रार. चालत्या गाडीत तो उलटा दरवाजा निसटला तर वाऱ्याने सताड उघडायचा, हे डॉक्टरांनी सांगून पाहिलं. आजीचं मत बदललं नाही.

आम्ही पुढे जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. कांटच्या मते सौंदर्याचा निर्णय करताना वस्तूच्या उपयोगाचा विचार बाजूला ठेवायचा असतो. गॅलरीतल्या त्या चर्चेत तो एकानेही बाजूला ठेवला नव्हता. 'गाडी कशी दिसते' असं विचारलं तरी प्रत्येक जण 'मी तिच्यात कसा बसेन' याचंच उत्तर देत होता.

आता एक गंमत पाहा. जुन्या गाडीला मुंबईत 'डुक्कर फियाट' म्हणतात. कुणी म्हणे नाकाडामुळे, कुणी म्हणे मागच्या गोलाईमुळे. पण डिलाइट येण्याआधी आमच्या चाळीत तिला कुणी डुक्कर म्हटल्याचं आम्हाला आठवत नाही. ती नुसती 'फियाट' होती. शेजारी चौकोनी गाडी उभी राहिली आणि आमच्या डोळ्यांना जुनी एकदम बेढब दिसू लागली. डॉक्टरांच्या गाडीचा पत्रा तोच होता, बदलली होती आमची नजर.

इटलीत मात्र बदल थांबला नाही. १९६६ मध्ये ११०० चं रूप पुन्हा बदललं आणि १९६९ मध्ये तिच्या जागी फियाट १२८ आली. आपल्याकडे १९६४ चाच साचा चालू राहिला. आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी', असं फक्त नाव बदललं. पद्मिनी म्हणजे चितोडची राणी, आणि आपल्या जुन्या शास्त्रात स्त्रियांच्या चार प्रकारांतला पहिला. डुकरापासून पद्मिनीपर्यंतचा हा प्रवास दहा वर्षांचा, बरं का!

खरा कस लागला १९८५ मध्ये. प्रीमियरने ११८ एनई काढली. अंग मूळच्या फियाट १२४ चं, इंजिन निसानचं. गाडी पद्मिनीपेक्षा मोठी आणि आधुनिक. पण दादरच्या आमच्या एका स्नेह्यांनी ती पाहून पहिला प्रश्न विचारला, "पुढे तिसरा माणूस कुठे बसणार?" पद्मिनीला पुढे सलग बाक होता आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. नव्या गाडीत दोन वेगळ्या खुर्च्या आणि मधे दांडा. एकत्र कुटुंबाच्या हिशोबाने गाडी मोठी झाली आणि जागा एका माणसाने कमी झाली. मुंबईचा टॅक्सीवाला तर मुख्यतः पद्मिनीलाच धरून राहिला. लालबाग-परळच्या कारखान्यातून गणपती मांडीवर घेऊन, पाट-चौरंग टपावरच्या कॅरिअरला बांधून घरी आणायचा, तो तिच्यातूनच.

मग पद्मिनी लोकांनी निवडली होती का? इथे आपण स्वतःशी प्रामाणिक राहायला हवं. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. जिथे दुसरं काही मिळतच नाही, तिथे माणूस दोनच गोष्टी करू शकतो : नावं ठेवायची आणि सवय करून घ्यायची. मुंबईकरांनी दोन्ही केलं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, थोडी निवड हातात आली, आणि मध्यमवर्ग बघता बघता तिकडे वळला. ज्यांनी पद्मिनी घरातून काढली, त्यांनीच पुढे तिच्यासाठी डोळे पुसले. त्यात आम्हीही आलो.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ती थांबली. एक तरी गाडी जतन करा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली. ती रास्तच होती. पण उद्या अशी गाडी संग्रहालयात ठेवली, तर शेजारच्या पाटीवर नुसतं 'मुंबईची लाडकी' लिहू नये. गाडी मिळण्यासाठी किती थांबावं लागे, तेही लिहावं. आणि आजीची दरवाजाबद्दलची तक्रारही! लाड खरे होते, पण ते नाइलाजातून जन्मले होते. त्यातलं एकच सांगितलं तर दुसऱ्यावर अन्याय होईल.

आज इथेच थांबू. तुमच्या घरी जुनी फियाट असेल, तर तिला घरातली कोणती माणसं काय म्हणत, ते विचारून ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच हा इतिहास लिहिता येईल.